दत्तात्रेय विष्णू पलुस्कर

दत्तात्रेय विष्णू पलुस्कर (२८ मे १९२१ – ऑक्टोबर १९५५) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील ग्वाल्हेर घराण्याचे गायक होते. रसिकांमध्ये ते डी.व्ही. पलुस्कर या नावाने, तर संगीतवर्तुळात बापूराव या नावाने ओळखले जात. गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे ते पुत्र होत. ख्याल आणि भजन या दोन्ही प्रकारांत त्यांनी अल्पावधीत नाव मिळवले. वयाच्या ३४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यामुळे पुढील पिढ्यांना त्यांची ओळख मुख्यतः ध्वनिमुद्रणांतूनच झाली.

घराणे व बालपण

या कुटुंबाचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीजवळच्या पलूस या गावावरून ते पलुस्कर म्हणून ओळखले जाऊ लागले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे शिष्य असलेल्या विष्णू दिगंबरांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीताचे शिक्षण सर्वसामान्य घरांतील मुलामुलींसाठी खुले केले. त्यांची अनेक अपत्ये बालपणीच दगावली होती, त्यामुळे दत्तात्रेय यांच्यावर घराण्याच्या आशा एकवटल्या होत्या. मात्र २१ ऑगस्ट १९३१ रोजी विष्णू दिगंबर निवर्तले. दत्तात्रेय तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते. वडिलांच्या नावाचा वारसा त्यांना लाभला, पण त्यांची प्रत्यक्ष तालीम फार काळ मिळाली नाही.

सांगीतिक शिक्षण

वडिलांच्या पश्चात त्यांच्या शिष्यांनीच गुरुपुत्राला घडवले. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास हे त्यांचे प्रमुख गुरू होत. चिंतामणराव पलुस्कर आणि मिराशीबुवा यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. विनायकराव हे तराण्यासाठी व शिस्तबद्ध अध्यापनासाठी, तर नारायणराव हे त्या काळी घरोघरी पोहोचलेल्या ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध होते.

कारकीर्द

वयाच्या चौदाव्या वर्षी जालंधर येथील हरवल्लभ संगीत संमेलनात त्यांचे गाणे झाले आणि तेथून त्यांची सार्वजनिक कारकीर्द सुरू झाली. पुढे देशभरातील मैफली व आकाशवाणी यांद्वारे त्यांचे नाव सर्वत्र पोहोचले. १९४४ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली.

१९५२ साली प्रदर्शित झालेल्या ‘बैजू बावरा’ या हिंदी चित्रपटात नौशाद यांनी देसी रागातील जुगलबंदीसाठी अमीर खाँ व पलुस्कर यांची निवड केली. चित्रपटातील तानसेनासाठी अमीर खाँ यांचा, तर बैजूसाठी पलुस्करांचा आवाज वापरण्यात आला. शास्त्रीय मैफलीला कधीही न गेलेल्या लाखो लोकांनी पलुस्करांचा आवाज ऐकला तो या गीतातूनच. ‘शापमोचन’ या बंगाली चित्रपटासाठीही ते गायले. १९५५ साली भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाचे सदस्य म्हणून त्यांनी चीनचा दौरा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले. ज्यांनी त्यांना घडवले ते दोन्ही प्रमुख गुरू त्यांच्यानंतर अनेक वर्षे हयात होते. विनायकराव १९७५ साली, तर नारायणराव १९८४ साली निवर्तले.

गायनशैली

स्वच्छ आकार, सुरेलपणा, शब्दांचे स्पष्ट उच्चारण आणि बंदिशीची स्थायी व अंतरा पूर्णपणे मांडण्याची ग्वाल्हेर परंपरा ही त्यांच्या गायनाची प्रमुख वैशिष्ट्ये होत. त्यांच्या ताना वेगवान असूनही दाणेदार आहेत. मात्र तानांचे प्रदर्शन ते करीत नाहीत. श्री, गौडसारंग, तिलककामोद अशा रागांतील त्यांच्या ध्वनिमुद्रणांत रागाचे रूप थोड्या वेळात उभे राहते. तुलसीदास व मीराबाई यांच्या पदांत ते स्वरांइतकेच शब्दांच्या अर्थालाही महत्त्व देतात. वडिलांच्या नावाशी जोडली गेलेली रामधूनही त्यांनी गायली.

अकाली निधन आणि लौकिक

पलुस्करांच्या लौकिकाचा विचार करताना त्यांच्या मृत्यूचा काळ लक्षात घ्यावा लागतो. त्यांच्या हयातीत व्यावसायिक ध्वनिमुद्रण मुख्यतः ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर होत असे आणि तिच्या एका बाजूवर सुमारे साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. दीर्घध्वनिमुद्रिका भारतात रूढ होण्यापूर्वीच ते गेले. तासभर रंगणाऱ्या त्यांच्या मैफलीचे दर्शन पुढील श्रोत्यांना आकाशवाणीच्या व खाजगी संग्रहांतील मोजक्या ध्वनिमुद्रणांतूनच घडते. ‘बैजू बावरा’तील सहगायक अमीर खाँ १९७४ पर्यंत हयात होते. त्यांचा विस्तृत ख्याल दीर्घध्वनिमुद्रिकांवर उतरला. पलुस्करांना ती संधी मिळाली नाही. परिणामी भजनगायक ही त्यांची प्रतिमा ठळक झाली आणि ख्यालगायक म्हणून असलेली योग्यता काहीशी झाकोळली.

समकालीनांशी तुलना केल्यास ही हानी अधिक स्पष्ट होते. भीमसेन जोशी (१९२२–२०११) त्यांच्याहून केवळ काही महिन्यांनी लहान होते. त्यांची ‘अभंगवाणी’ वयाच्या पन्नाशीच्या सुमारास लोकप्रिय झाली. कुमार गंधर्वांचा (१९२४–१९९२) ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ १९६५ साली, त्यांच्या वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी प्रसिद्ध झाला. ज्या वयात गायक स्वतःच्या घराण्याची चौकट ओलांडतो, नवी रचना करतो आणि शिष्यपरंपरा उभी करतो, ते वय पलुस्करांच्या वाट्याला आलेच नाही. त्यामुळे त्यांचा प्रभाव शिष्यांपेक्षा ध्वनिमुद्रणांतूनच अधिक पसरला.

दुसरीकडे, त्यांच्या आवाजाला उतारवय माहीत नाही. थकलेला श्वास किंवा ढळलेला स्वर त्यांच्या ध्वनिमुद्रणांत आढळत नाही. श्रोत्यांच्या स्मरणात ते कायम तरुणच राहिले आहेत. या निर्मळ प्रतिमेत हळहळीचाही वाटा आहे. ते आणखी जगते तर कोणत्या उंचीला पोहोचले असते, याची चर्चा रसिकांत आजही होते. मात्र या चर्चेमुळे त्यांच्या प्रत्यक्ष कार्याकडे केवळ अपुरे राहिलेले आश्वासन म्हणून पाहिले जाण्याचा धोका संभवतो. त्यांची उपलब्ध ध्वनिमुद्रणे तसे सांगत नाहीत. साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरही बंदिशीची स्थायी, अंतरा, आलाप आणि ताना यांना आपापली जागा मिळते आणि गाणे संपते तेव्हा रागाचे चित्र पूर्ण झालेले असते. पलुस्करांचे आयुष्य अपुरे राहिले. गाण्याला मात्र त्या वयातच पूर्णता आली होती. त्यामुळे ग्वाल्हेर गायकीच्या अभ्यासकांना ही ध्वनिमुद्रणे आजही आदर्श पाठासारखी उपयोगी पडतात.