छातीवरचा झेंडा

गॅदरिंगच्या आठवड्यात होस्टेलच्या ग्राउंडवर पाच किलोमीटर धावून आलो की आपण दोन दिवस जिना चढताना कण्हत असतो. आमच्या विंगमधले तर मेसपर्यंतसुद्धा लंगडत जातात. म्हणून ४२ किलोमीटर १९५ मीटर या आकड्याबद्दल मला पहिल्यापासून एक भीतीयुक्त आदर आहे. आज ज्याची गोष्ट सांगणार आहे तो माणूस हे अंतर जगात सगळ्यात वेगाने धावला, आणि जिंकल्यावर मान खाली घालून उभा राहिला. नाव सोन गी-जंग. २००२ साली तो वारला, म्हणजे आत्ता फर्स्ट इयरला असलेल्या बहुतेकांच्या जन्माआधीच. कोरियात मात्र त्याचं नाव शाळकरी पोरांनाही माहीत असतं.

सोनचा जन्म १९१२ चा, आज उत्तर कोरियात असलेल्या सिनुइजू गावातला. पलीकडे यालू नदी आणि नदीपार चीन. जपानने १९१० मध्येच कोरिया गिळंकृत केला होता, त्यामुळे सोन जन्माला आला तोच पारतंत्र्यात. घरची परिस्थिती बेताची. पोरगं सारखं धावतंय, त्याने पोट कसं भरणार, म्हणून आईने त्याला बायकांचे निसटणारे रबरी बूट आणून दिले असं सांगतात. पठ्ठ्याने ते दोरीने पायाला बांधले आणि पुन्हा पळायला लागला! शेवटी आईनेच हार मानली.

धावण्याच्या जोरावरच त्याला सेऊलच्या यांगजंग शाळेत प्रवेश मिळाला. ३ नोव्हेंबर १९३५ ला टोकियोमध्ये त्याने मॅरेथॉन २ तास २६ मिनिटं ४२ सेकंदांत संपवली. हा जागतिक विक्रम होता. तो बारा वर्षांनी कुणी मोडला ते पुढे येईलच.

आता अडचण बघा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कोरिया नावाचा देशच नव्हता. धावायचं तर जपानच्या संघातून, जपानी झेंडा छातीवर लावून आणि नावसुद्धा जपानी उच्चारात, ‘किटेई सोन’ म्हणून. टोकियोतल्या निवड स्पर्धेत नाम सुंग-योंग हा दुसरा कोरियन पहिला आला आणि सोन दुसरा. जागा तीनच. दोन कोरियन पोरं संघात येणार हे अधिकाऱ्यांच्या पचनी पडेना, म्हणून तिघांऐवजी चौघांना बर्लिनला नेलं आणि तिथे पुन्हा चाचणी धाव घेतली! आधी सायबेरियातून रेल्वेचा तो लांबलचक प्रवास, मग ऐन स्पर्धेच्या तोंडावर परत परीक्षा. आपल्याकडे एटीकेटीची परीक्षा तरी एकदाच देतात. (सगळेच नाही, पण असो.) दोघेही त्यातून पार पडले.

बर्लिनमध्ये सोन एक गोष्ट मात्र हट्टाने करायचा. कुणी सही मागितली की तो कोरियन लिपीत आपलं खरं नाव लिहायचा आणि पुढे कोरिया लिहायचा. तिथल्याच एका कोरियन गृहस्थाच्या घरी त्याने स्वतःच्या देशाचा झेंडा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. चोवीस वर्षांच्या माणसाने आपला झेंडा पहिल्यांदा बघायचा, आणि तोही परक्या देशात.

९ ऑगस्टला शर्यत झाली. ५६ धावपटू होते. आधीच्या ऑलिंपिकचा विजेता, अर्जेंटिनाचा झबाला सुरुवातीपासूनच सुसाट सुटला. सोनच्या पायात अंगठा वेगळा असलेले जपानी धाटणीचे बूट होते. त्याच्या सोबतीने इंग्लंडचा अर्नी हार्पर पळत होता. झबालाच्या मागे लागू नकोस, तो आपोआप दमेल, असं हार्परने त्याला खुणेने सुचवलं. प्रतिस्पर्ध्याला असा सल्ला देणारा माणूस मला तरी फार मोठा वाटतो. झालंही तसंच. झबाला दमला आणि पुढे त्याने शर्यत सोडली. सोनने २ तास २९ मिनिटं १९.२ सेकंद या वेळेत फीत ओलांडली. ऑलिंपिकमध्ये अडीच तासांच्या आत आलेला तो पहिलाच. हार्पर दुसरा आणि आपला नाम तिसरा.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. जपानी राष्ट्रगीत वाजलं, जपानी झेंडे वर चढले. दोन्ही कोरियन पोरं माना खाली घालून उभी. विजेत्याला ओकचं छोटं रोप देत असत. सोनने ते रोप छातीशी असं धरलं की शर्टावरचा झेंडा झाकला गेला. नामकडे रोप नव्हतं. आपल्याला सुवर्णपदकाचा नाही, त्या रोपाचा हेवा वाटला, असं तो नंतर सांगत असे.

२५ ऑगस्टला सेऊलच्या ‘दोंग-आ इल्बो’ या वर्तमानपत्राने सोनचा फोटो छापला, पण छातीवरचा झेंडा पुसून. आज फोटोशॉपवर दोन मिनिटांचं काम. त्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली. ली गिल-योंग आणि इतर पत्रकारांना अटक झाली, छळ झाला आणि पेपर सुमारे नऊ महिने बंद राहिला. असाच फोटो आधी छापणारा दुसरा एक पेपर तर कायमचाच बंद पडला. सोन मायदेशी आला तेव्हा मिरवणूक वगैरे काही नाही, मागावर पोलीस मात्र होते. पुढे टोकियोच्या मेइजी विद्यापीठात प्रवेश मिळाला तो धावायचं नाही या अटीवर. जगातला सर्वात वेगवान मॅरेथॉनपटू, ऐन पंचविशीत, आणि धावायला बंदी!

याच बर्लिनमध्ये आपले ध्यानचंदही होते, हे विसरू नका. १५ ऑगस्ट १९३६ ला जर्मनीचा ८-१ असा धुव्वा उडवण्याआधी आपल्या हॉकी संघाने ड्रेसिंग रूममध्ये गुपचूप तिरंग्याला वंदन केलं होतं, कारण मैदानावर झेंडा ब्रिटिशांचा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळीही तिथे आपले खेळ दाखवायला गेली होती. म्हणजे सोनचं दुःख समजेल अशी माणसं त्या गावात बरीच होती म्हणायची.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानची सत्ता संपली. मग सोन प्रशिक्षक झाले (आता ‘अरे-तुरे’ पुरे). १९४७ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये त्यांच्या सुह युन-बोक या शिष्याने २ तास २५ मिनिटं ३९ सेकंदांत शर्यत जिंकून गुरूचाच जागतिक विक्रम मोडला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कोरियाचा झेंडा हातात घेऊन संघाच्या पुढे चालले ते सोनच. एप्रिल १९५० मध्ये बोस्टनला पहिले तिन्ही क्रमांक त्यांच्या पोरांनी पटकावले. पुढच्या दोन महिन्यांत कोरियन युद्ध पेटलं. युद्धानंतर देशाचे दोन तुकडे कायम राहिले आणि सोन यांचं गाव सीमेपलीकडे गेलं.

१९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये मशाल स्टेडियममध्ये आणली ती शहात्तर वर्षांच्या सोननी. लहान मुलासारखे उड्या मारत ते ट्रॅकवर आले. १९९२ मध्ये बार्सिलोनात, तारीख पुन्हा ९ ऑगस्टच, ह्वांग यंग-चोने जपानी धावपटूला मागे टाकून मॅरेथॉन जिंकली. म्हातारा प्रेक्षकांत बसून बघत होता. १५ नोव्हेंबर २००२ ला नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

बर्लिनहून आणलेलं ते रोप त्यांच्या शाळेच्या जुन्या आवारात लावलं होतं. त्याचा आज मोठा वृक्ष झाला आहे आणि त्या जागेवर सोन यांच्या नावाची बाग आहे. बर्लिनच्या स्टेडियममध्ये विजेत्यांची नावं कोरलेल्या दगडावर मात्र सोनपुढे जपान असंच लिहिलं होतं. १९७० मध्ये एका कोरियन खासदाराने रात्री छिन्नी घेऊन जाऊन ‘जपान’ खरवडलं आणि तिथे ‘कोरिया’ कोरलं. जर्मनांनी ते पुन्हा पूर्ववत केलं. ऑलिंपिकच्या पदकांच्या हिशेबातही ते सुवर्णपदक जपानच्याच खात्यावर आहे.