डॉ. कमला सोहोनी

वसई-विरारच्या किनारपट्टीवर ताडाची झाडे जागोजागी दिसतात. पहाटे उतरविलेला त्यांचा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढले, की सूक्ष्म जीवांतील विकरांमुळे ती आंबून तिची ताडी होते. या साध्या पेयाचे पोषणमूल्य प्रयोगाने दाखविणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील व चुलते रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा निर्धार केला. अखेर एका वर्षाच्या कसोटीवर प्रवेश मिळाला. हा अपमान जिव्हारी लागला, तरी त्या खचल्या नाहीत. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी असे काम केले, की रामन यांनी पुढे स्त्रियांना संस्थेचे दार मोकळे केले.

केंब्रिज येथे बटाट्यावर संशोधन करून, पेशींच्या श्वसनास आवश्यक असे सायटोक्रोम सी वनस्पतींतही असते, हे त्यांनी सिद्ध केले. १९३९ साली पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे परीक्षण केले. तीत जीवनसत्त्वे व लोह असून कुपोषित आदिवासी मुलांना ती उपकारक ठरते, असे आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती-पारितोषिक मिळाले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

एकीसाठी बंद झालेले दार तिने आपल्या कर्तृत्वाने साऱ्याजणींसाठी उघडले.