पंडिता रमाबाईंचे ख्रिस्ती घर

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती घरांत मुले कागदाच्या चांदण्या कातरतात, मातीचा गोठा लिंपतात आणि स्वयंपाकघरातून नेवऱ्या व केक यांचा दरवळ सुटतो. गोव्याला हे दृश्य नवे नाही. घाटावरच्या मराठी मुलखात मात्र ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबाचा पोशाख आणि साहेबाचे ताट पत्करणे, अशीच समजूत एकेकाळी रूढ होती. पंडिता रमाबाईंनी ती आपल्या राहणीने खोडून काढली.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, आजच्या कर्नाटकात, त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले. आईने ती विद्या मुलीला दिली. दुष्काळाने आई, वडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी देश फिरत रमाबाई १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. पुढे भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी मांडलेला संसार दोन वर्षांतच संपला. १८८२ मध्ये पती पटकीने वारले, तेव्हा कन्या मनोरमा अजून तान्ही होती.

१८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. धर्म बदलला, पण पान बदलले नाही. रमाबाई शाकाहारीच राहिल्या. त्यांच्या पथ्यपाण्यात तेथील भगिनींना अहंकार दिसला आणि पुडिंगसारख्या पदार्थांपर्यंत वाद पोहोचला. ख्रिस्त स्वीकारताना पूर्वजांची राहणी टाकावीच लागते, हे त्यांनी मान्य केले नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती अभ्यासली. कागदाच्या घड्या, पट्ट्यांची वीण, मातीकाम यांतून मूल शिकते, हा तिचा गाभा. ही हस्तकला त्यांनी मराठी मुलींच्या शिक्षणात आणली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. पुढे ते पुण्यास गेले. १८९६ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी उपाशी मुली व विधवांना आणून पुण्याजवळच्या केडगाव येथील 'मुक्ती'मध्ये आसरा दिला. पोरकेपण आणि उपासमार त्यांनी स्वतः भोगली होती. विणकाम, शिवण, शेती, छपाई अशी कामे मुली तेथे शिकल्या. अंध मुलींनाही वाचन व हस्तव्यवसाय मिळाला. सणाचे घर आपल्या हातांनी उभारता येते, हा विश्वास या शिक्षणाने दिला.

केडगावहून सोलापूरमार्गे दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग गुलबर्ग्यास, आजच्या कलबुर्गीस, पोहोचतो. बिदरप्रमाणेच हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. कन्नड, मराठी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या या सीमाभागात १९१२ मध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती शाळा सुरू केली. तिची धुरा मनोरमाबाईंनी वाहिली. परदेशात शिकून आलेल्या या मुलीने आईचे कार्य पुढे चालवावे, अशीच सर्वांची अपेक्षा होती.

ती पुरी झाली नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई निवर्तल्या. त्या वर्षीचा नाताळ लेकीच्या मृत्यूनंतरचा पहिला आणि रमाबाईंचा अखेरचा ठरला. सामान्य बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. 'मुक्ती'तील स्त्रियांनीच खिळे जुळवून छापलेले ते संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुक्ती मिशन आजही केडगावात उभे आहे. ख्रिस्ती श्रद्धा मराठी बोलीत, साध्या सुती लुगड्यात आणि शाकाहारी पंगतीतही नांदू शकते, हे रमाबाईंनी वाद घालून नव्हे, घर चालवून दाखवले.