बेडीची डीसी २०, बिजागरीची किती? वासुदेव बळवंत फडके आणि कैद्यांचे नियम

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांना हा सीन ओळखीचा आहे. पार्टीने कैदी पकडलाय, आता त्याला बांधायचं कसं? २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत याचं उत्तर आकड्यांत आहे. दोर तोडायला ताकदीची डीसी १७. हातबेडीतून निसटायला चपळाईची डीसी २०, ती तोडायची तर ताकदीची २०. वीस बाजूंचा फासा टाका, बोनस मिळवा, आकडा गाठला की सुटलात.

हे कितपत खरं वाटतं ते बघायला एक खराखुरा कैदी घेऊ. त्याला पकडलं ते आमच्या दुधनीपासून फार लांब नाही, भीमेपलीकडच्या देवर नावदगीला.

वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, पनवेलजवळच्या शिरढोणचा. पुण्यात ते लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. म्हणजे आजच्या भाषेत सरकारी डेस्क जॉब. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि शेवटची भेट हुकली. हा घाव ते विसरले नाहीत. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते कुस्ती आणि शस्त्रं शिकले, म्हणजे ताकदीचा बोनस चांगलाच असणार! भावे आणि इंदापूरकर यांच्यासोबत त्यांनी काढलेल्या शाळेतूनच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी उभी राहिली.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. माणसं उपाशी मरताना बघून फडक्यांनी नोकरीचा रस्ता सोडला. शिकल्यासवरल्या लोकांनी साथ दिली नाही, दिली ती रामोशी, कोळी, धनगर अशा समाजांतल्या माणसांनी. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर पहिला छापा पडला. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं, तर त्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर बक्षीस लावलं. मे महिन्यात त्यांचा उजवा हात असलेले दौलतराव नाईक मारले गेले आणि बंड ढासळलं. फडके दक्षिणेकडे गेले. निजामाच्या मुलखातल्या रोहिल्यांची फौज उभी करायचा त्यांचा बेत होता.

२० जुलै १८७९ च्या रात्री मेजर डॅनियलने त्यांना देवळात बेसावध गाठलं. फासा टाकायची संधीच नाही. खेळात आपण कैद्याच्या दोराची डीसी मोजत बसतो, पण बहुतेक कैदी पकडले जातात ते आधीच थकलेले आणि एकटे पडलेले असतात म्हणून.

पुण्यात खटला चालला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण फडक्यांनी स्वतःच लिहिलेली रोजनिशी पुरावा म्हणून समोर आली. (चॅट बॅकअप सांभाळून ठेवणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.) जन्मठेप झाली आणि जानेवारी १८८० मध्ये त्यांची रवानगी एडनला झाली. अरबस्तानातलं हे बंदर तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं.

आता आपल्या नियमाची खरी परीक्षा. फडक्यांनी कोठडीचं कुलूप फोडलं नाही, त्यांनी दारच बिजागऱ्यांतून उखडून काढलं. सगळी मजबुती कुलपात, आणि दार ज्याच्यावर लटकतंय ती बिजागरी तशीच! सिक्युरिटीत हेच होतं. फोनला भक्कम पासवर्ड असतो, पण तो रीसेट करायचा ओटीपी लॉक स्क्रीनवर सगळ्यांना दिसतो. हल्ला करणारा तुम्ही ठरवलेल्या जागीच हल्ला करेल असं नसतं.

फडके बाहेर पडले आणि थोड्याच वेळात पुन्हा पकडले गेले. बाहेर अनोळखी मुलूख, परकी भाषा, आसरा देणारं कुणी नाही, आणि घर समुद्रापलीकडे. दार हा कैदेचा फक्त पहिला थर होता. इंग्रजांनी त्यांना अंदमानऐवजी एडनला का पाठवलं यावर वाद घालता येईल, पण थर म्हणून एडन कामाला आलं.

म्हणून डीएम असाल तर माझा घरचा नियम वापरून बघा. बेडीची डीसी हवी तर १५ करा, पण सुटल्यावर लगेच दोन चाचण्या ठेवा: एक लपण्याची, एक स्थानिक माणसाचा विश्वास मिळवण्याची. आणि खेळाडू म्हणाला की कुलूप नको, मी बिजागरी बघतो, तर नाही म्हणू नका.

एडनमधून फडके परत आले नाहीत. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या तुरुंगातच ते वारले. वय ३७.