लाठीचा जाब

लाला लजपतराय यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवितो ते केवळ पुण्यस्मरणार्थ नव्हे. १८६५ साली जन्मलेल्या या पंजाबी वकिलास सरकारने १९०७ साली खटल्यावाचून मंडालेस हद्दपार केले. १९२५ साली त्यांनी 'पीपल' हे साप्ताहिक काढिले. ३० ऑक्टोबर १९२८ रोजी सायमन कमिशन लाहोरास आले. त्यात एकही हिंदी सभासद नव्हता, म्हणून निषेधार्थ मिरवणूक निघाली. अग्रभागी ६३ वर्षांचे लालाजी होते. जमाव निःशस्त्र असता पोलिसांनी लाठ्या चालविल्या व लालाजींच्या छातीवर प्रहार झाले. १७ नोव्हेंबरला ते निवर्तले. पार्लमेंटात प्रश्न निघाला, तेव्हा सरकारने जबाबदारी नाकारली.

न्यायाची वाट खुंटली म्हणजे सूड आडवाटेने येतो. १७ डिसेंबरला भगतसिंग व खेडचे राजगुरू यांनी गोळ्या झाडल्या. परंतु ज्याच्यावर रोख होता तो स्कॉट वाचला व सॉन्डर्स मेला. १९३१ साली ते दोघे तरुणही फासावर गेले.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, निःशस्त्र निदर्शकावर वा बातमीदारावर पडलेल्या प्रत्येक लाठीची उघड चौकशी झालीच पाहिजे. मग राज्य परक्यांचे असो वा आपले.