सुगरणीचा खोपा उलगडून दाखवणारा माणूस

पुण्यात सदाशिव पेठेत चिमण्या गणपतीचं देऊळ आहे. पुण्यातल्या देवांची नावं हा वेगळाच विषय, खुन्या मुरलीधरही याच पेठेतला. पण चिमणीचं नाव देवाला मिळावं, इतकी तिची आणि पेठेची सोयरीक जुनी. वाड्यांत कडीपाटाची छतं होती, भिंतीत खोबणी होत्या, तसबिरींच्या मागे फटी होत्या. ओसरीवर धान्य निवडलं जायचं आणि सुपातून उडालेला दाणा चिमणीचा. मग वाडे उतरले, सिमेंटच्या इमारती आल्या आणि भिंती गुळगुळीत झाल्या. तरीही पेठेतल्या एखाद्या गॅलरीत पाण्याची पसरट कुंडी आणि शेजारी मूठभर बाजरी आजही दिसते.

खेड्यातल्या वाचकाला याचं हसू येईल. बाजरी दाण्यात आली की आपण माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणार आणि पेठेतली माणसं तीच बाजरी विकत आणून पाखरांना घालणार! पण पाखरांना दाणे घालणाऱ्यानं आणि त्यांना हाकलणाऱ्यानं, दोघांनीही ज्याची ओळख करून घ्यावी असा एक माणूस आपल्या राज्यात होऊन गेला. त्याचं नाव डॉ. सलीम अली. गंमत अशी की त्यांची सुरुवात चिमण्या मारण्यातून झाली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. भावंडांतलं हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना खेतवाडीत वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली आणि पोरगं चिमण्यांच्या मागे लागलं. नऊ-दहा वर्षांचं वय असताना त्यानं एक नोंद करून ठेवली. भिंतीच्या भोकात चिमणी अंडी उबवत बसलेली, बाहेर खिळ्यावर चिमणा राखणीला. यानं चिमणा टिपला. थोड्याच वेळात चिमणीनं दुसरा जोडीदार आणला, तोही टिपला. सात दिवसांत आठ चिमणे गेले. वाचताना अंगावर काटा येतो, पण पाहिलेलं जसंच्या तसं लिहून ठेवायची सवय त्या वयातली आहे. साठेक वर्षांनी ती नोंद छापली गेली.

पुढे एकदा त्यांच्या हाती वेगळीच चिमणी लागली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही खायला चालेल का, हा मुलाचा प्रश्न! मामांना नाव सांगता येईना. त्यांनी त्याला अपोलो स्ट्रीटवरच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्डसाहेब यांनी चिमणी ओळखली आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले. मुलाला हाकलून न देता खण उघडणारा असा माणूस प्रत्येक कचेरीत एक तरी असावा.

शिक्षणाची गाडी मात्र रखडतच चालली. डोकेदुखीनं शाळा सुटली, मॅट्रिक १९१३ साली कसंबसं झालं, कॉलेज अर्धवट राहिलं. घरचा खाण आणि लाकडाचा धंदा बघायला ते ब्रह्मदेशात गेले, तिथंही मन जंगलात. १९१८ साली तहमीना यांच्याशी लग्न झालं. सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली, पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. आमच्यासारख्या पदविकावाल्यांना हा प्रसंग नीट समजतो! १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगण्याची ३५० रुपये पगाराची नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा काढून ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे जिथं मेलेल्या प्राण्यांचे नमुने ठेवतात तिथं, प्राध्यापक श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन बघतात तो पैशाअभावी जागाच रद्द झालेली.

नोकरी नाही आणि मुंबईचा खर्च झेपेना. नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. त्या पावसाळ्यात त्यांच्या हातून जे काम झालं, ते आपल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या विहिरीवर घडत असतं. तिथं सुगरण पक्ष्यांची वसाहत होती आणि सलीम अली रोज तासन्‌तास त्यांच्यासमोर बसून राहिले.

आपण सुगरण म्हणतो आणि खोपा मादीनं विणला असं धरून चालतो. बहिणाबाईंच्या कवितेतही तो आईनंच टांगलेला आहे. खरी गोष्ट उलटी आहे. खोपा विणतो तो नर. विणीच्या दिवसांत त्याचं डोकं पिवळंधमक होतं. गवताच्या, भाताच्या, उसाच्या पातीचे लांब दोरे चोचीनं सोलून आणायचे, शिंदीच्या किंवा बाभळीच्या टोकाला गाठ मारायची आणि विणत जायचं. सुमारे आठ दिवसांत खोपा टोपीच्या आकाराला येतो, तेव्हा हा काम थांबवतो. मग माद्या येतात. आत शिरतात, ओढून बघतात, पसंत नसेल तर उडून जातात. एखादीला पसंत पडला की जोडी जमते आणि मग नळीसकट खोपा पुरा होतो. सगळं मिळून अठराएक दिवसांचं काम. आतली सजावट, अंडी उबवणं मादीकडे. इकडे नर शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळते का बघतो! नापसंत, अर्धवट खोपे तसेच लोंबत राहतात. आपल्याकडे त्याला नराची झोपायची खोली म्हणतात, प्रत्यक्षात ती मोडलेली सोयरीक असते. सलीम अलींनी हे सगळं १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं आणि जगभरच्या पक्षीतज्ज्ञांना त्यांचं नाव माहीत झालं. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. लागली ती बैठक.

पुढं त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांतले पक्षी मोजून काढले. अट एवढीच की संस्थानानं प्रवासाचा खर्च करावा, मेहनताना नको. तहमीनाबाई मुक्कामांवर सोबत असत. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. नंतर सलीम अली बहिणीच्या घरी राहिले आणि काम थांबलं नाही. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक आलं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि खिडकीतून पक्षी बघण्याची गोडी अनेक घरांत शिरली. अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्याबरोबरचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ साली पुरा झाला. १९५८ ला पद्मभूषण, १९७६ ला पद्मविभूषण, १९८५ ला राज्यसभा. परदेशातून पन्नास हजार डॉलरचं बक्षीस आलं ते सोसायटीच्या कामाला दिलं. १९८७ साली, नव्वदी पार करून ते गेले. महाराष्ट्र शासन ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतं, त्यातली १२ तारीख त्यांच्या जन्माची आणि ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची.

शेतीच्या बाजूनं बघता त्यांची एक गोष्ट पटते. पाखराला मित्र किंवा शत्रू ठरवण्याआधी ते काय खातं ते तपासा, हा त्यांचा आग्रह होता. १९३२ साली त्यांनी फुलांवर येणाऱ्या पक्ष्यांवर लिहिलं. पळस, पांगारा, काटेसावरीवर मैना, बुलबुल, शिंजीर येतात ते मध खायला, पण जाताना पराग वाहून नेतात. दाणे खाणारी चिमणी आणि सुगरणही पिल्लांना भरवतात त्या अळ्या नि किडे. म्हणजे कणसावर बसलेली पाखरं दिसतात, पण त्याआधी पिल्लांसाठी वेचलेल्या अळ्या कोणी मोजत नाही. बाजरी दाण्यात असताना राखण करावीच लागते, त्याला इलाज नाही. पण बांधावरच्या झुडपांवरही सरसकट औषध फवारलं, तर पिल्लांचं खाणंच संपतं.

पेठेतल्या गॅलरीलाही हाच नियम. बाजरी, ज्वारीचा भरडा, तांदळाच्या कण्या चालतील. शिळं फरसाण, खारी शेव नको. नुसत्या दाण्यावर पिल्लं वाढत नाहीत, म्हणून शेजारी फवारणी न केलेली मेंदी, जास्वंद किंवा तुळशीची दाटी असू द्या. पाणी उथळ भांड्यात, रोज ओतून आणि घासून. मांजराची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर.

आणि विहिरीवरचे रिकामे खोपे शोभेसाठी काढून बाजारात विकायला नेतात, ते थांबवा. सुगरण गेली तरी मुनिया त्याच खोप्यात अंडी घालतात.