जोतीराव फुले यांचे शेतीचिंतन

राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. त्याला महात्मा फुले यांचे नाव आहे आणि तेथील अनेक पीकवाणांच्या नावांतही 'फुले' हा शब्द येतो. शाळा काढणारे आणि जातिभेदावर प्रहार करणारे समाजसुधारक एवढीच जोतीरावांची ओळख ज्यांना आहे, त्यांना हे नामकरण निव्वळ आदरापोटी झाले असावे असे वाटते. ही समजूत अपुरी आहे.

१८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यात फुलांच्या व्यवसायावरून त्याला फुले हे नाव मिळाले. बालपणी शिक्षणात खंड पडला तेव्हा जोतीराव वडिलांच्या शेतात राबले. १८४८ची मुलींची शाळा व १८७३चा सत्यशोधक समाज सर्वांस ठाऊक आहेत. पुढे त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा त्यातूनच संबंध आला आणि सरकारी बांधकाम खात्याचा कारभार त्यांना आतून पाहता आला. कालव्याचे पाणी घेण्यास शेतकरी कचरत होते, तेव्हा त्यांनी मांजरीला जमीन घेऊन त्या पाण्यावर बागायत करून दाखविली. आजच्या परिभाषेत हे प्रात्यक्षिकच होय.

१८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. त्याचा सारा रोख सावकारीवर होता. जोतीरावांनी सावकाराची गय केली नाही. परंतु १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात ते कर्जाच्या मुळाशी, म्हणजे जमिनीच्या कसापर्यंत, गेले. लोकसंख्या वाढली, त्यामुळे शेत आळीपाळीने पडीक ठेवण्याची सोय उरली नाही. जंगलखात्याने गायराने व डोंगर ताब्यात घेतल्याने गुरांचा चारा आणि पाल्याचे खत दोन्ही तुटले. जमीन नापीक होत गेली. विश्रांती न देता जमिनीकडून अधिक मागावयाचे आणि तिला परत काही द्यावयाचे नाही, हा व्यवहार तोट्याचाच ठरणार, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या विद्यापीठांतून पीक, पाणी, पशू आणि पत यांचा विचार आजही बहुधा वेगवेगळ्या विभागांत होतो. जोतीरावांकडे तो एकाच खातेवहीत होता.

उपायही त्याच जातीचे होते. उताराच्या जमिनीवर ताली घालाव्यात, म्हणजे पावसाचे पाणी मुरेल व पालापाचोळा शेतातच कुजेल. तळ्यांतील गाळ शेतकऱ्यांस फुकट द्यावा. गायराने गावांना परत करावीत. परदेशांतून उत्तम जातीच्या शेळ्यामेंढ्या आणाव्यात. शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत. ताली घालण्यास लष्कर व पोलिसांतील रिकामे हात लावावेत, ही सूचना मात्र व्यवहारात उतरणे कठीण होते, आणि शासनयंत्रणेविषयीचा त्यांचा संताप कधी कधी विश्लेषणावर मात करतो, हेही नमूद केले पाहिजे.

सर्वांत दूरदृष्टीची मागणी कालव्याच्या पाण्याविषयी होती. पाटबंधारे खात्याने प्रत्येक शेताला तोटी बसवून गरजेपुरते पाणी द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने तसे केले नाही. १८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायू झाला. उजवा हात निकामी झाल्यावर ते डाव्या हाताने लिहीत राहिले आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी निवर्तले. त्यानंतरही कालव्यांवर पाणीपट्टी पाण्याच्या मापाने नव्हे, तर पीक व क्षेत्र यांवर आकारली जात राहिली. पाणी कमी वापरण्यात शेतकऱ्याचा काही लाभ नव्हता. नीरेच्या खोऱ्यात अतिपाण्याने व निचऱ्याअभावी जमिनी खारावल्या. १९३२ साली तेथे पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले, ते आज राहुरीच्याच विद्यापीठाखाली आहे. घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद असलेला सिंचन व्यवस्थापनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो २००५ साली.